बिल्ला आजीच्या कनवटीला

सकाळची ठाणे–पनवेल लोकल. दिघा गाव मागे पडलं तसा समोरचा मुलगा मैत्रिणीला म्हणाला, ''अगं, पोस्टमनमध्ये कुकी दिसतेय, ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्येही दिसतेय. मग माझ्या कोडला नल का मिळतंय?'' ''सर्व्हरवाल्यांनी घोळ घातला असेल,'' ती म्हणाली. (पोस्टमन म्हणजे सर्व्हरला थेट विनंती पाठवून पाहायचं साधन, नेटवर्क टॅब म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारी खिडकी आणि नल म्हणजे 'काहीच नाही'.) ऐरोलीला दोघं उतरली आणि माझं सांगायचं राहून गेलं की, सर्व्हरवाले बिचारे बहुधा निर्दोष आहेत.

वेब मुळात विसराळू. आधीच्या क्षणी कोण येऊन गेलं, हे सर्व्हरच्या, म्हणजे पानं पुरवणाऱ्या संगणकाच्या, ध्यानात राहत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी यावर तोड काढली. एका ग्राहक कंपनीला ऑनलाइन खरेदीतली अर्धवट माहिती स्वतःच्या सर्व्हरवर साठवायची नव्हती. मग ती खरेदीदाराच्याच संगणकावर ठेवू, असं ठरलं. तीच कुकी.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं हे. सर्व्हर उत्तरासोबत 'सेट-कुकी' नावाच्या हेडरमधून, म्हणजे उत्तराला जोडलेल्या माहितीच्या ओळीतून, बिल्ला देतो आणि पुढच्या खेपेला तो दाखवला की ओळख पटते. मात्र नातवंडांना घेऊन गेलेली आजी बिल्ला नातवाच्या हातात देत नाही, स्वतःच्या कनवटीला लावते. ब्राउझर ही ती आजी आणि पानावरचा जावास्क्रिप्ट कोड हा नातू. 'फेच' या सर्व्हरकडून माहिती मागवायच्या आज्ञेने आलेल्या उत्तरातून ब्राउझर सेट-कुकी हेडर आधीच काढून घेतो. कोडने कितीही विचारलं तरी नलच.

एवढा संशय का? कारण पानावर चालणारा प्रत्येक कोड आपलाच असेल असं नाही. जाहिराती, बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या लायब्रऱ्या, कुणी चोरून घुसवलेली स्क्रिप्ट, सगळे एकाच घरात वावरतात. लॉगिनची कुकी त्यांच्या हाती लागली तर पासवर्डवाचून तुमचं खातं उघडतं. म्हणून २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये 'एचटीटीपी-ओन्ली' ही खूण आणली: कुकी सर्व्हरकडे जाईल, पण पानावरचा कोड जिथून कुकी वाचतो, त्या 'डॉक्युमेंट डॉट कुकी'मध्ये दिसणार नाही. गंमत म्हणजे पुढचं दार लावलं तरी मागचं उघडंच होतं. फायरफॉक्समध्ये कोडला उत्तराच्या हेडरमधून तीच कुकी वाचता येत असे. ती फट बुजली २००९ मध्ये.

ही खूण नसलेल्या कुकी 'डॉक्युमेंट डॉट कुकी'त दिसतात, पण नाव आणि किंमत एवढंच. मुदत कधी संपते, ते तिथे कळत नाही.

त्या मुलाची खरी अडचण कदाचित निराळीच असेल. पान एका डोमेनवर, म्हणजे वेबपत्त्यावर, आणि सर्व्हर दुसऱ्यावर असेल, तर फेचमध्ये 'क्रेडेन्शियल्स: इन्क्लूड' (कुकीसुद्धा पाठव आणि स्वीकार) लिहावं लागतं. ते विसरलं तर ब्राउझर आलेली कुकी गुपचूप टाकून देतो, नेटवर्क टॅबमध्ये ती दिसत असली तरी! सर्व्हरनेही त्या पानाच्या पत्त्याला नाव घेऊन परवानगी द्यावी लागते. तिथे सरसकट 'तारा' (* हे 'कुणीही चालेल' सांगणारं चिन्ह) चालत नाही. यात मात्र सर्व्हरवाल्यांचा घोळ असू शकतो.

पोस्टमनचं म्हणाल, तर तो ब्राउझरमधलं पान नाही. मोबाइल ॲपचंही तसंच. तिथे आजी नाही, बिल्ला थेट हातात येतो. ब्राउझरमध्ये कोडला लॉगिन झालंय का एवढंच हवं असेल, तर कुकी धुंडाळण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारावं, ''मी कोण?'' कुकी (डोमेन वेगळं असेल तर वरची सूचना लिहिली की) आपोआप सोबत जाते आणि नाव उत्तराच्या मजकुरात परत येतं.