दोन कनेक्शन म्हणजे बॅकअप नव्हे

“आमच्याकडे दोन-दोन कंपन्यांचं नेट आहे, आम्हाला कसली काळजी?” असं कुणी म्हणालं की मी आधी बाहेर जाऊन खांब बघतो. बऱ्याचदा दोन्ही कंपन्यांच्या काळ्या वायरी एकाच खांबावरून येऊन एकाच खिडकीतून आत शिरलेल्या असतात. ड्रेनेजच्या कामाला जेसीबी आला की दोन्ही ओएनटीवर, म्हणजे फायबरची वायर जिथे जोडतात त्या डब्यांवर, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा बरोबरच पेटतो. मग माल पाठवायला लागणारं ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला टेम्पो दारातच उभा राहतो.

बॅकअप म्हणायचं तर दुसऱ्या लाइनची वाट वेगळी हवी. बिल वेगळ्या नावाने येतं एवढं पुरत नाही. एक फायबर आणि एक ५जी सिम ही जोडी लहान ऑफिसला बहुतेक वेळा चांगली, पण दोन्ही एकाच कंपनीचं घेऊ नका. ८ जुलै २०२२ला कॅनडात रॉजर्स कंपनीच्या कोअर नेटवर्कमध्ये अपडेट करताना घोळ झाला आणि मोबाइल व ब्रॉडबँड दोन्ही एकदमच झोपले, कारण दोन्हींचा गाभा एकच होता. फायबर रॉजर्सचं आणि सिमही रॉजर्सचं, अशा दुकानदाराच्या हाती काहीच उरलं नाही. तिथलं डेबिट कार्डाचं जाळं म्हणजे इंटरॅक. तेही रॉजर्सवर अवलंबून होतं, त्यामुळे ज्यांचं स्वतःचं नेट धडधाकट होतं त्या दुकानांतही डेबिट कार्ड चालेना. इंटरॅकने दुसरा पुरवठादार जोडायचं ठरवलं ते त्यानंतर.

समुद्राखालीही हाच प्रकार. जानेवारी २००८मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन वेगळ्या केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रखडलं. केबल दोन होत्या, पट्टा एकच.

आता राउटरच्या आतला गोंधळ, आणि इथे दुकानदाराची सगळ्यात जास्त फसगत होते. ‘ड्युअल वॅन’ म्हणजे दोन नेट लाइनी जोडता येणारा राउटर विकताना लोड बॅलन्सिंग आणि फेलओव्हर एकाच दमात सांगतात. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही लाइनी रोज कामाला जुंपलेल्या असतात. दोन्ही काठोकाठ वापरात असतील, तर एक गेल्यावर उरलेलीवर सगळा भार पडतो, कॉल तुटायला लागतात आणि शेवटी कामच अडतं. फेलओव्हरमध्ये दुसरी लाइन राखीव असते, पहिली मेली की राउटर तिच्यावर उडी मारतो. मात्र पहिली मेली हे त्याला कळायला हवं. फक्त वायर जोडलेली आहे का एवढंच तो बघत असेल, तर ओएनटी चालू आणि पुढचं नेट बंद अशा वेळी तो ढिम्म बसून राहतो. म्हणून सेटिंगमध्ये बाहेरच्या पत्त्यावर पिंग मारून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघून, तपासणी लावून घ्या. गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता चालतो.

सगळ्यांनाच हा खर्च करायला हवा असंही नाही. किराणा दुकानात गिऱ्हाईक यूपीआयचे पैसे स्वतःच्या मोबाइलच्या नेटवरून पाठवतं आणि साउंडबॉक्सला बहुधा स्वतःचं सिम असतं. तिथे फोनचा हॉटस्पॉट भागवून नेतो. पण क्लाउडवरचं बिलिंग, नेटवरून चालणारे फोन, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, सीएचं ऑफिस आणि विवरणपत्राचा शेवटचा दिवस, इथे अर्धा तासही परवडत नाही.

दुसरी लाइन घेतलीत की गर्दी नसलेल्या एखाद्या दुपारी पहिलीची वायर स्वतः काढा. एक बिल करा, एक कॉल लावा. सीसीटीव्ही आणि व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) त्याच वेळी बाहेरून उघडून बघा. पहिल्या लाइनवर बऱ्याचदा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवरचा पत्ता, घेतलेला असतो, सिमवर सहसा नसतो, त्यामुळे बिल निघेल पण कॅमेरे कदाचित दिसणार नाहीत. हे त्या दुपारीच कळलं तर व्हेंडरला गाठून दुरुस्त करून घेता येतं.