ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर: स्पीड कमी होतो, कंट्रोल होत नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळ्यापर्यंत फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत एक समज पक्का आहे: लोखंड कापण्या-घासण्याच्या साध्या ग्राइंडरला पंख्याचा रेग्युलेटर जोडला की तो व्हेरिएबल स्पीडचा (वेग हवा तसा बदलता येणारा) होतो. कृपा करून हे करू नका.

रेग्युलेटर मोटारीला मिळणारी वीज कमी करतो. मोटार किती फिरतेय हे त्याला कळतच नाही. ग्राइंडरमध्ये असते त्या कार्बन ब्रशच्या मोटारीचा वेग लोडप्रमाणे बदलतो. त्यामुळे रिकामी असताना ती सुसाट पळते आणि चकती लोखंडाला टेकवली की मंदावते. चांगल्या, म्हणजे लोड आला तरी वेग तोच ठेवणाऱ्या कॉन्स्टंट स्पीडच्या मशीनमध्ये आर्मेचरच्या (मोटारीच्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाला छोटं गोल चुंबक आणि शेजारी कॉइल किंवा हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) असतो. फेऱ्यांबरोबर त्यातून पल्स येतात. लोडमुळे पल्स मंदावले की सर्किट ट्रायॅकला (मोटारीची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) विजेच्या प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, थोडं लवकर चालू करतं. वेग पुन्हा जागेवर येतो.

शिवाय छताचा पंखा ओढतो जेमतेम 75 वॉट, ग्राइंडर 700-800. रेग्युलेटर जळणारच. तो टिकलाच, तरी मोटार थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असतो. वेग उतरला की हवाही घटते आणि वाइंडिंग (मोटारीतलं तारेचं वेटोळं) तापतं. पॉलिशिंगसाठी कमी वेग हवा असेल, तर कॉन्स्टंट स्पीडचं मशीनच मागून घ्या.