"आफ्रिकेतल्या गरीब गावांना बाहेरून पैसा दिल्याशिवाय काहीच होत नाही" हे खरं नाही

हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की तिथल्या खेड्यातल्या लोकांकडे वाचवायला काहीच नसतं, त्यामुळे मदत किंवा कर्ज बाहेरूनच यायला हवं. चुकीचं आहे हे.

१९९१ मध्ये नायजर देशात मराडी भागात केअर या संस्थेने बायकांचे बचत गट सुरू केले आणि त्यात भांडवल म्हणून बाहेरचा एक पैसाही टाकला नाही, संस्थेने फक्त पद्धत शिकवली. साधारण १५ ते २५ जणी ठरलेल्या दिवशी जमतात, जमेल तेवढे पैसे टाकतात, त्यातूनच एकमेकींना छोटं कर्ज मिळतं, बी-बियाणं घ्यायला, शेळी घ्यायला, आजारपणाला, आणि व्याज बाहेर कुठे जात नाही, गटातच राहतं. पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तिघींकडे, हिशोब सगळ्यांसमोर! वर्षअखेर जमलेला पैसा बचतीच्या प्रमाणात वाटून घेतात, आपल्या भिशीसारखंच थोडंफार, फक्त इथे कर्ज आणि व्याजही आहे. आज ही पद्धत आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पसरलीय.

पण म्हणून गरिबी संपली असं कोणी सांगत असेल तर तेही धरू नका. घाना, मलावी, युगांडात मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, त्यात बचत, छोटे धंदे आणि घरातल्या निर्णयात बायकांचा वाटा वाढलेला दिसला, पण घरखर्चाची सरासरी काही वाढली नाही. रस्ता, दवाखाना, पाणी हे सरकारनेच द्यायला हवं, ते बायकांच्या पेटीवर ढकलणं मला अजिबात पटत नाही.