लसावि काढताना डोक्यात काय चालतं?

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांना हमखास विकली जाणारी एक चाचणी आहे : डीएमआयटी. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे आणि ते 'व्हिज्युअल लर्नर' आहे की 'ऑडिटरी', हे रंगीत अहवालात छापून द्यायचं. हात बघणारा ज्योतिषी निदान प्रिंटरचे पैसे लावत नाही! ठशांची नक्षी आईच्या पोटातच ठरते. तिचा गणित येण्या-न येण्याशी काय संबंध? मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे.

ठसे सोडा, 'कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून' ही कल्पनाही डळमळीतच आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासलं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवल्याने ते जास्त शिकतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड असते, पण आवड आणि आकलन या दोन गोष्टी आहेत.

मग सगळ्यांना एकाच मापाने शिकवावं? मुळीच नाही. मुलं वेगळी असतात, फक्त फरक दुसरीकडे आहे.

एखादी गोष्ट समजून घेताना ती आपण कार्यकारी स्मृतीत धरतो. हा स्वयंपाकघरातला ओटा समजा, अगदी लहान. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या अंदाजाप्रमाणे त्यावर एका वेळी साधारण चारच वस्तू मावतात. दीर्घकालीन स्मृतीचं फडताळ मात्र प्रचंड. गंमत अशी, की 'एक वस्तू' म्हणजे किती, हे फडताळात काय आहे त्यावर ठरतं. १५०८१९४७ हे आठ सुटे अंक. स्वातंत्र्यदिन ओळखला की एकच वस्तू. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये हेच बुद्धिबळात दाखवलं. खऱ्या डावाची मांडणी काही सेकंद दाखवली, तर कसलेला खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली आठवतो. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, की हा वरचष्मा जवळजवळ नाहीसा होतो.

आता २/३ + १/४ घ्या. पाढे पाठ असलेल्या मुलीला ३ आणि ४ पाहताच त्यांचा लसावि १२ दिसतो. ८/१२ आणि ३/१२ मिळवून ११/१२, संपलं. शेजारचा मुलगा तीनचा पाढा बोटांवर मोजतोय. बारापर्यंत पोचेतो अंशाचं काय करायचं होतं, हेच ओट्यावरून खाली पडलेलं असतं. तो 'ढ' नाही, त्याचा ओटा भरलाय. त्याला प्रत्येक पायरी सोडवून दाखवलेलं उदाहरण हवं. तेच उदाहरण त्या मुलीला नुसतं निरुपयोगी नाही, चक्क अडथळा ठरू शकतं, कारण माहीत असलेल्या पायऱ्या वाचण्यात तिचाही ओटा अडतो. जॉन स्वेलर, स्लावा काल्युगा आदींनी या उलटापालटीला 'एक्स्पर्टीज रिव्हर्सल' म्हटलं. म्हणजे पद्धत चांगली की वाईट, हे मुलाला आधी काय येतं यावर ठरतं.

आपण वर्ग भरवतो वयाप्रमाणे. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतात पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. 'प्रथम' ही मुंबईत १९९५ साली सुरू झालेली संस्था दिवसाचा काही वेळ मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवते. अक्षरांवर अडलेले एकीकडे, वाक्य वाचणारे दुसरीकडे. पातळी वाढली की गट बदलतो. गणिताच्या तासाला तर एवढंही पुरे : पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्यात शेवटची पायरी कोरी, तिसऱ्यात शेवटच्या दोन. ज्याला जमलं त्याने पुढे जावं, बाकीच्यांनी आणखी एक पूर्ण उदाहरण मागून घ्यावं.