सांगलीच्या पिनकोडाचे अवयव पाडू

सांगली शहराचा पिनकोड ४१६४१६. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. तिच्यात पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवतात, पुढचे तीन टपाल कचेरी. सांगलीच्या वाट्याला दोन्हीकडे ४१६ आले, आणि त्यामुळे ही संख्या फारच देखणी झाली आहे.

तीन अंकी गट दोनदा लिहिला, की त्याला १००१ने गुणल्यासारखंच होतं: ४१६००० अधिक ४१६. आता १००१ म्हणजे ७ × ११ × १३. या तिन्हींनी भाग जाणार, हे भागाकार न मांडताच कळलं. राहिले ४१६. निम्मे करत जा: २०८, १०४, ५२, २६, १३. म्हणून

४१६४१६ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३

इथे हमखास चूक होते ती १३ची. एक १३ गटातला, दुसरा १००१मधला. एकच धरला तर गुणाकार ३२०३२ येतो, म्हणून शेवटी गुणून पडताळाच.

विभाजक किती? २ घ्यायचा तर शून्य ते पाच वेळा, म्हणजे ६ पर्याय, ७ आणि ११चे दोन-दोन, १३चे तीन. ६ × २ × २ × ३ = ७२. संख्येला १५४ने गुणलं, की २, ७ आणि ११ यांच्या जोड्या पूर्ण होतात आणि ८००८चा वर्ग मिळतो: ६,४१,२८,०६४.

७, ११, १३ची कसोटी इतर पिनकोडांनाही लागते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वजाबाकी करा; फरकाला ज्याने भाग जातो, त्यानेच मूळ संख्येलाही जातो. मिरजेचा ४१६४१०: फरक ६, म्हणून तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. मात्र आपल्या लाखाच्या स्वल्पविरामांवर विसंबू नका. ४,१६,४१६ असे गट धरून ४१६ − १६ + ४ केलं तर ४०४ येतात आणि उत्तर साफ चुकतं. कसोटी हजारावर उभी आहे, कारण हजार हा १००१पेक्षा एकाने कमी.

सर्वांत सुंदर भाग पुढे आहे. समजा, ४१६४१६ हळकुंडं आयताकृती मांडायची आहेत, शक्य तितकी चौरसाच्या जवळ. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरू: संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडली, की त्या वर्गमुळांची वजाबाकी आणि बेरीज हेच तिचे दोन अवयव. वर्गमूळ ६४५हून थोडं जास्त, म्हणून ६४६ घ्या. त्याचा वर्ग ४१७३१६. त्यातून आपली संख्या वजा केली तर उरतात ९००, म्हणजे ३०चा वर्ग. झालं! ६४६ − ३० आणि ६४६ + ३०: ६१६ ओळी, प्रत्येकीत ६७६ हळकुंडं.

पहिल्याच पावलाला उत्तर मिळालं, कारण हे दोन अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. दूर असते तर ६४७, ६४८ करत बरंच चालावं लागलं असतं. म्हणूनच आरएसए या, संदेश गुप्त ठेवणाऱ्या कूटलेखनाच्या चावीसाठी दोन प्रचंड मूळ संख्या निवडताना त्या फार जवळच्या नसाव्यात, याची काळजी घेतात. जवळ असल्या तर त्यांचा शेकडो अंकी गुणाकारही याच रीतीने फुटतो.