बुधवार पेठेचा पिनकोड

पुण्याच्या बुधवार पेठेत दगडूशेठचा गणपती आहे, तापकीर गल्लीतली वायरी-बल्बांची दुकानं आहेत, आणि ज्यांचं नाव घरात मोठ्यांसमोर काढत नाहीत अशा गल्ल्याही आहेत. तिन्हींचा पिनकोड एकच, ४११००२. पोस्टाला त्याचं सोयरसुतक नाही. पत्र कुठल्या पोस्टात जायचं एवढं पिनकोड सांगतो, दारामागे काय चालतं ते नाही.

इंटरनेटवरच्या ‘फक्त प्रौढांसाठी’ मजकुराला मात्र स्वतंत्र पिनकोड द्यावा, म्हणजे ज्याला तिकडे जायचं नाही त्याला आपोआप टाळता येईल, अशी एक कल्पना निघाली. २००० ते २०११ अशी अकरा वर्षं तिच्यावर भांडण चाललं. पत्त्याचं शेपूट ठरलं होतं ‘डॉट ट्रिपल एक्स’.

हे शेपूट करतं काय? वेबसाइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो, यंत्रणा उजवीकडून. टपाल छाटणारा पाकीट खालून, पिनकोडपासून वाचतो ना, तसंच. तुम्ही पत्ता टाइप केलात की फोन तो इंटरनेट कंपनीच्या नावं शोधणाऱ्या सर्व्हरकडे देतो. हा सर्व्हर सगळ्यात वरच्या, म्हणजे रूट सर्व्हरला विचारतो, ‘ट्रिपल एक्सचं रजिस्टर कुणाकडे?’ रूटला तेवढंच माहीत असतं. रजिस्टरवाला सांगतो, अमुक नावाची नोंद तमुक सर्व्हरकडे आहे. तो सर्व्हर शेवटी १९२.०.२.१० अशा धाटणीचा आकडा देतो आणि फोन त्या आकड्याचं दार ठोठावतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. एवढ्या विचारपूशीत ‘आत काय आहे?’ असं कुणीच विचारत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही.

तरीही कल्पना वेडगळ नव्हती. सगळा माल एकाच शेपटाखाली आला, तर शाळेला किंवा ऑफिसला नावं शोधणाऱ्या सर्व्हरवर एक ओळ लिहिली की झालं: या शेपटाचं काहीही मागितलं तर ‘असा पत्ता नाही’ म्हण. एरवी करावी लागते ती यादी, आणि याद्यांची गत आपण भारतात पाहिली आहे. ३१ जुलै २०१५ला केंद्राने ८५७ साइट बंद करायचा आदेश काढला. त्यात चक्क विनोदी व्हिडिओंची साइटही निघाली, आणि चार-पाच दिवसांत आदेश सैल करावा लागला. २०१८मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा बंदी आली, तेव्हा एका बड्या साइटने ‘डॉट कॉम’ काढून ‘डॉट नेट’ लावलं आणि दुकान पुन्हा उघडलं.

खरी मेख इथेच आहे. नाव ही दारावरची पाटी, आणि एका दाराला कितीही पाट्या लावता येतात. डोनाल्ड ईस्टलेक या अमेरिकी तंत्रज्ञाने फेब्रुवारी २००४मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, आरएफसी ३६७५मध्ये, हेच सविस्तर मांडलं. माझ्या मालकीचं एखादं नाव असेल, तर त्याच्या पोटात ‘भजन’ नावाची पाटी करून ती मी जगातल्या कुठल्याही आकड्याकडे वळवू शकतो. पलीकडच्याची परवानगी लागत नाही. समोरचा सर्व्हर ओळखीचं नाव नसेल तर दार उघडणार नाही म्हणू शकतो, पण तसं म्हणायचं की नाही ही त्याच्या मालकाची मर्जी. म्हणजे शेपूट उपयोगी पडायला जगातल्या प्रत्येक धंदेवाल्याने बाकीच्या सगळ्या पाट्या उतरवायला हव्यात. हे सक्तीने करवायचं तर कुठल्या देशाच्या कायद्याने? आणि स्तनाच्या कर्करोगाची तपासणी घरी कशी करावी हे चित्रांसकट शिकवणारं पान कुठल्या पेठेत टाकायचं?

नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने आयसीएम या कंपनीचा प्रस्ताव २०००मध्ये नाकारला. कंपनी २००४मध्ये पुन्हा आली आणि जून २००५मध्ये आयकॅनने तत्त्वतः होकारही दिला. मग आयकॅनवर तेव्हा देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वाणिज्य खात्याकडे हजारो निषेधपत्रं गेली. विरोधकांचा मांडव तर बघण्यासारखा होता. एका कोपऱ्यात फॅमिली रिसर्च कौन्सिल ही कडवी ख्रिस्ती संघटना: यामुळे अश्लीलतेला प्रतिष्ठा मिळेल. दुसऱ्या कोपऱ्यात फ्री स्पीच कोअलिशन, म्हणजे त्याच धंद्याची व्यापारी संघटना: आज ऐच्छिक म्हणताय, उद्या सक्ती कराल आणि आम्हाला गावकुसाबाहेर ढकलाल. २००६ आणि २००७मध्ये आयकॅनच्या मंडळाने ९ विरुद्ध ५ मतांनी प्रस्ताव फेटाळला. कंपनी त्रिसदस्य लवादाकडे गेली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी अध्यक्ष स्टीफन श्वेबेल त्याचे प्रमुख होते. फेब्रुवारी २०१०मध्ये लवादाने २ विरुद्ध १ असा कौल दिला: आयकॅन स्वतःच्याच नियमांना धरून वागली नाही. १८ मार्च २०११ला सॅन फ्रान्सिस्कोत ९ विरुद्ध ३ मतांनी मंजुरी मिळाली, आणि एप्रिलमध्ये रूटच्या वहीत ट्रिपल एक्सची नोंद झाली.

मग नावं घेतली कुणी? ज्यांचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही, अशांनीही धावतपळत घेतली. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आपल्या नावाचे ट्रिपल एक्स पत्ते विकत घेऊन कुलूप लावून ठेवले, दुसऱ्या कुणी घेऊन तमाशा करू नये म्हणून. ‘कॉम’चं नाव ठोक भावात सात-आठ डॉलरला पडायचं तेव्हा, हे साठला. याला आपल्याकडे हप्ता म्हणतात. खऱ्या धंदेवाल्यांनी मात्र डॉट कॉमची जुनी पाटी उतरवलीच नाही. २०१५मध्ये त्याच कंपनीने ‘डॉट पॉर्न’ आणि ‘डॉट अडल्ट’ही विकायला काढले. माल एका पेठेत गोळा करायला निघालेल्यांनी पेठाच वाढवल्या.

एव्हाना भांडण पत्त्यावरून दारावर आलं आहे. टेक्ससच्या कायद्याने अशा साइटवर वय पडताळणं बंधनकारक केलं, आणि जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. हरलेला पक्ष तोच जुना, फ्री स्पीच कोअलिशन. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्येही वयाची पडताळणी सक्तीची झाली. इथे नाव काय, शेपूट काय, याला महत्त्व नाही. ज्याचं दार त्यानेच विचारायचं. फक्त आता दारात ओळखपत्र दाखवावं लागतं, नाहीतर कॅमेऱ्यासमोर चेहरा धरावा लागतो, आणि त्याची झेरॉक्स कुणाच्या कपाटात राहते यावरून वकील पुन्हा कामाला लागले आहेत.