मुळशीचा सत्याग्रह: थोडी पार्श्वभूमी

सविनय कायदेभंग म्हटलं की सगळे थेट 1930 च्या दांडीवर जातात, पण त्याच्या नऊ वर्षं आधी पुण्याजवळच्या मुळशीच्या मावळ्यांनी, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी, धरणाच्या कामावर जाऊन ठिय्या मारला होता आणि काम बंद पाडलं होतं. आज पावसाळ्यात त्याच धरणाच्या तलावावर गर्दी होते, पण हे फारसं कोणाला माहीत नसतं याचं खरंच वाईट वाटतं.

झालं असं की मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळा संगमापाशी धरण बांधायचं ठरवलं, पाणी बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथे वीज तयार करायची. कंपनी खाजगी, पण जमीन सरकार घेऊन देणार, 1894 च्या भूसंपादन कायद्याने! आंबेमोहर पिकवणारी भातखाचरं, घरं, देवळं सगळं पाण्याखाली जाणार होतं.

16 एप्रिल 1921, रामनवमी. हजारावर माणसं कामावर जाऊन बसली, मजुरांनी हात थांबवले, कंपनीला काही महिने काम थांबवावं लागलं. घोषणा होती "जान किंवा जमीन". पुढारी विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट, ज्यांना याच लढ्यामुळे लोक सेनापती म्हणायला लागले.

मग काम परत सुरू झालं, धरपकड झाली, आणि इथे खरी फूट दिसली. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्याच नावावर होत्या, त्यामुळे नुकसानभरपाईचा दर चांगला मिळाला की त्यांचा विरोध संपणार हे उघड होतं, पण जो कूळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तीच खाचरं कसत होता त्याच्या हाती काय येणार? माझ्या मते सत्याग्रह सरकारच्या तुरुंगापेक्षा इथे जास्त मोडला, कारण तुरुंगात जायला माणसं तयार होती.

एकेक करून लोक पैसे घेऊन बाजूला होत गेले. बापट मात्र हटले नाहीत, पण अहिंसेवर थांबलेही नाहीत. डिसेंबर 1924 मध्ये मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, पिस्तूल चालवलं, आणि सात वर्षांची शिक्षा झाली. ते 1931 मध्ये सुटले, तोपर्यंत धरण भरलेलं होतं आणि भिऱ्याची वीज मुंबईला जात होती.